शुक्रवारचा फिल्टर

चेन्नईत एन्नोरजवळच्या कोळ्यांच्या वस्तीत, शाळेच्या गच्चीवर, आम्ही एक यंत्र बसवलं होतं. ते चोवीस तास हवा ओढायचं आणि तिच्यातली अगदी बारीक धूळ एका गोल पांढऱ्या फिल्टरवर धरून ठेवायचं. आमचा तंत्रज्ञ रोज सकाळी फिल्टर बदलायचा आणि मी तो नुंगंबाक्कमच्या प्रयोगशाळेत तपासायचे. सेलेनियम, आर्सेनिक जास्त निघालं तर कोळसा. पोटॅशियम आणि लाकूड जळताना तयार होणारी एक साखर निघाली तर चुली.

वस्तीवरची धूळ पलीकडच्या कोळशाच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांची की घरातल्या चुलींची, एवढंच सांगायचं होतं. चुली पहिल्या आल्या, तर चिमण्यांना कुणी काही विचारणार नव्हतं. शाळेत भात शिजवणाऱ्या बाईने मला पहिल्याच दिवशी तमिळमध्ये सुनावलं होतं, "शेवटी आमच्याच चुलीवर ढकलाल."

आकडे खरंच चुलींकडे झुकले. साहेब खूश होते, अहवाल लवकर संपणार होता. मला पटेना. मी फिल्टरची पाकिटं तारखेप्रमाणे टेबलावर मांडली. लाकडाचा धूर दर सातव्या दिवशी उसळी मारत होता. शुक्रवारी. एरवी लोक उपाशी राहतात की काय?

संशय तंत्रज्ञावर गेला. तंजावरच्या मराठी घरातला, पन्नाशीचा, नको इतका नम्र माणूस. कुणीतरी त्याला हाताशी धरलंय आणि हा फिल्टर चुलीवर धरतोय, असं मी जवळजवळ ठरवूनच टाकलं. पुढच्या शुक्रवारी न सांगता पहिली बस पकडली.

गच्चीवर तो पाठमोरा उभा होता. हातात पितळी धुपाटणं, त्यात करवंटीचे निखारे आणि ऊद. यंत्राच्या तोंडाभोवती तो ते सावकाश ओवाळत होता.

"हे काय चाललंय?"

"शुक्रवार न्हवे का, अक्का. सांब्राणी दाखवतों."

"यंत्राला?"

"तुमच्या दुसऱ्या दोन यंत्रांचे पंप किती वेळां बिघडले? हें एकदां तरी बंद पडलें?"

पडलं नव्हतं. त्याचंही मला आता नवल वाटायला लागलं.

"धूर आत जातो, तो फिल्टरवर बसतो, हे ठाऊक नाही तुम्हाला?"

"देवाचा धूर तो, अक्का. तोही मोजतां?"

"यंत्राला देव कळत नाही."

मी त्याची पिशवी उघडायला लावली. डबा, टॉवेल, उदाची पुडी. आणखी काही नाही. तरीही पुढचे काही आठवडे मी अधूनमधून न सांगता गेले. धुपाटणं शाळेच्या फाटकाबाहेर गेलं होतं.

मागचे सगळे शुक्रवार मी बाद केले आणि कारणही लिहिलं.

"लोक हसतील," साहेब म्हणाले.

"हसू देत. वस्तीवर खोटं बालंट नको."

उरलेल्या दिवसांत कोळसा पहिला आला, चुली दुसऱ्या. मी ते सांगायला वस्तीत गेले. भात शिजवणाऱ्या बाईने सगळं ऐकलं.

"दुसरा नंबर तरी कशाला?"

"चुली पेटतात म्हणून."

"की चिमणीवाल्यांनी तेवढं तुमच्याकडून लिहून घेतलं?"

"फिल्टर प्रयोगशाळेत ठेवलेत. येऊन बघा," मी म्हटलं.

ती आली. न सांगता, पहिल्या बसने, आणि सगळी पाकिटं उघडायला लावली.