गेट नसलेली कंपनी

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू सातपूरच्या एका कारखान्यात स्विच जोडायचं काम करून निवृत्त झालेल्या. तिथे त्या युनियनच्या कमिटीवरही होत्या. मी प्रोग्रामर, बंगलोरच्या कंपनीचं काम नाशिकमध्ये घरी बसून करणारा. काम संपलं की मी वर चहाला जायचो आणि आमचा वाद सुरू व्हायचा.

काकूंचं म्हणणं, नोकरी आली की युनियन हवीच. मी म्हणायचो, आमच्याकडे तिची गरज नाही. ज्याला काम येतं त्याला उद्या दुसरीकडे मिळतं. निवडणुकीतही आमचं कधी जुळलं नाही. त्या ज्यांना मत द्यायच्या, त्यांचं नाव काढलं तरी माझं डोकं फिरायचं. चहा मात्र रोजचा.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी एचआरच्या बाईंनी मला व्हिडिओ कॉलवर घेतलं. आता बरंच काम एआय करतं, टीम लहान करायची आहे, असं त्या गोड आवाजात म्हणाल्या. "तुम्हीच राजीनामा टाका. पुढे नोकरी शोधताना बरं दिसतं. आज संध्याकाळपर्यंत टाकलात तर उत्तम."

बायको शाळेत शिकवायला गेली होती. घरात बसवेना, म्हणून मी वर गेलो. काकू मेथी निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तू सोडतोयस का ते काढतायत?"

"ते काढतायत."

"मग राजीनामा तू कशाला लिहायचा? आणि आणखी कोणाकोणाला सांगितलंय?"

"माहीत नाही."

"एका टीममधले ना रे तुम्ही?"

होतो, पण कामापलीकडे मी कोणाशी बोललोच नव्हतो. तिथूनच टीममधल्या मालेगावच्या मुलीला फोन लावला. तिचा राजीनामा अर्धा लिहून झाला होता. "मला वाटलं मी एकटीच," ती म्हणाली आणि रडायला लागली. मग तिने दोघांना फोन केला, त्यांनी आणखी काहींना. दुपारपर्यंत आमचा व्हॉट्सअॅप ग्रुप तयार झाला.

"आता सगळे मिळून गेटवर जा," काकू म्हणाल्या.

"काकू, आम्हाला गेटच नाही. सगळे आपापल्या घरी."

त्या जरा गोंधळल्या. कंपनी आहे आणि गेट नाही, हे त्यांच्या पचनी पडेना. मग म्हणाल्या, "बरं, मग सगळ्यांनी एकच मजकूर पाठवा. वेगळं कोणी काही बोलायचं नाही."

आम्ही लिहिलं: राजीनामा देणार नाही, काढायचं असेल तर रीतसर काढा, नोटिशीचा पगार आणि अनुभवाचं पत्र द्या. ज्या एआयचं कारण सांगून आम्हाला काढत होते, त्याच्याकडूनच इंग्रजी नीट करून घेतलं. माझा त्याच्यावर राग नाही. ते चांगलं काम करतं, मीही रोज वापरतो. कोणाला काढायचं हे माणसं ठरवतात.

पुढचे काही दिवस वाईट गेले. एकेकाला वेगळं गाठून एचआरने फोन केले. एकाने राजीनामा दिला. त्याचे वडील दवाखान्यात होते, त्याला कोणी बोल लावला नाही. बाकीचे टिकून राहिले. शेवटी कंपनीने आमच्या अटी मान्य केल्या, वर काही महिने विमाही चालू ठेवला. नोकऱ्या मात्र गेल्याच. काकूंना ते अपुरं वाटलं. मला त्या दिवशी पोटभर जेवण गेलं.

आता मी इथल्याच एका छोट्या कंपनीत द्राक्ष निर्यातदारांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. पगार कमी आहे, पण रविवारी फोन वाजत नाही. मतदानाच्या दिवशी काकू आणि मी एकाच रिक्षातून केंद्रावर गेलो आणि नेहमीसारखी उलटसुलट मतं देऊन आलो.

थंडीत ग्रुपमधले बरेच जण नाशिकला आले. इतकी वर्षं स्क्रीनवर फक्त खांद्यापर्यंत पाहिलेली माणसं केवढी उंच, केवढी बुटकी, ते तेव्हा कळलं. मिसळ खायला काकूंनाही नेलं. मालेगावच्या मुलीने त्यांच्यासाठी आईने केलेला शिरखुर्मा आणला होता. काकूंनी डबा उघडला, तिथेच दोन चमचे खाल्ले आणि तिला शेजारी बसवून घेत विचारलं, "नव्या जागी किती जण आहात गं? सगळ्यांशी बोलतेस ना?"