धावपट्टीवरची गोदा

परशुरामचे आईवडील ठाण्याच्या खाडीकाठी मिठागरांवर राबले. तो मात्र लढाईत ड्रायव्हर म्हणून भरती झाला आणि ब्रह्मदेशच्या डोंगरांतून दोन वर्षं जखमी सैनिकांची गाडी चालवत राहिला. एका स्फोटात डाव्या डोळ्याची नजर गेली, तेव्हा परत आला आणि कल्याणात भाऊंच्या गॅरेजात मिस्त्री म्हणून लागला. एका डोळ्यानं अंतराचा अंदाज येईना, म्हणून जोरात गाडी चालवणं त्यानं कायमचं सोडलं.

त्याची एकुलती मुलगी गोदा. सोळाव्या वर्षी ती बापाचा डबा घेऊन गॅरेजात यायची आणि तिथेच रेंगाळायची. एकदा तो एका लॉरीच्या इंजिनात डोकं घालून बसला होता, तर ही म्हणते, "आबा, चारातलं एक सिलिंडर काम करत नाहीये. आवाज ऐका ना."

प्लग खराब निघाला. परशुरामनं तिला गाडी शिकवायचं ठरवलं.

भाऊंनी लष्करानं मोडीत काढलेली एक जीप आणली होती. ती मागून घेऊन बापलेक रविवारी सकाळी नेवाळीला जायला लागले. लढाईच्या वेळी बांधलेली विमानांची धावपट्टी तिथे ओस पडली होती. परशुरामनं दोन्ही टोकांना डांबराची रिकामी पिंपं उभी केली. पहिले काही महिने नुसतं क्लच, गिअर, ब्रेक. मग एके दिवशी तो म्हणाला, "आता सोड तिला सुसाट."

गोदानं सोडली. पिंपापाशी तिनं स्टिअरिंग गर्रकन फिरवलं, तशी एका बाजूची दोन्ही चाकं उचलली गेली आणि दाणकन खाली आली.

"उतर," परशुराम म्हणाला. "मागे जाऊन आडवी पड."

गोदाला वाटलं, संपलं सगळं. ती मागच्या पत्र्यावर आडवी झाली. धावपट्टीवर चिटपाखरू नव्हतं. परशुरामनं स्वतः बेताच्या वेगानं एक फेरी मारली, मुद्दाम हिसके देत. गोदाचं डोकं तीनदा आपटलं. मग त्याच वेगानं दुसरी फेरी मारली, आणि पिंप कधी आलं आणि गेलं ते तिला कळलंही नाही.

"माझ्या गाडीत पाय तुटलेली माणसं असायची," तो म्हणाला. "हळू गेलो तर वाटेत मरायची, हिसका दिला तर ओरडायची. म्हणून जोरात आणि मऊ, दोन्ही शिकावं लागलं. ब्रेक सरळ रस्त्यावर, वळणाच्या आधी. वळणाच्या बाहेरून आत ये, आणि पुढचा रस्ता दिसला की मगच ॲक्सिलरेटरवर पाय दाब."

आई आवडाबाई कुरकुरत होती. "पोरीच्या जातीला हे कशाला हो?"

"तूच येऊन बघ," परशुराम म्हणाला.

ती आली, ताकाचा तांब्या घेऊन. तो मांडीवर धरून मागे बसली. पहिल्या वळणाला निम्मं ताक लुगड्यावर! आवडाबाईनं लेकीचा असा उद्धार केला की लांबची गुरंसुद्धा माना वर करून बघायला लागली. पण पुढच्या रविवारी ती आपणहून तांब्या भरून तयार. ताक थेंबभरही सांडलं नाही तो दिवस उगवायला पाच महिने लागले.

छप्पन्न साली मुंबईच्या हौशी मोटारवाल्यांनी त्याच धावपट्टीवर शर्यती ठेवल्या. त्यात एक जीपची होती. गोदाला अठरा पूर्ण होऊन नुकतंच लायसन मिळालं होतं. भाऊंनी तिचं नाव दिलं. सात जीपा, सहा फेऱ्या. पांढऱ्या साडीचा काचा मारून बसलेली पोरगी बघून लोक हसले.

सरळ रस्त्यावर सगळे तिच्या पुढे पळत. वळणावर मात्र ते घसरत जात आणि ती आतून निघून जाई. पाचव्या फेरीला तिच्यापुढे एकच जीप उरली. शेवटच्या वळणावर ती जीप घसरली आणि धुळीचा लोट उठला. आत फट होती की नव्हती, काहीच दिसेना. गोदानं पाय काढला. धूळ बसेपर्यंत पुढचा माणूस सावरून निघून गेला होता.

दुसरी आली. खाली उतरली तेव्हा डोळे भरले होते.

"आबा, पाय काढला नसता तर पहिली आले असते."

"आली असतीस," परशुराम म्हणाला. "नाहीतर त्याच्यावर आदळली असतीस. न दिसताना तू पाय काढलास, तेव्हाच मी बाकीची शर्यत बघायचं सोडलं. मला पाहिजे होतं ते मिळालं."

आवडाबाईनं पदरानं लेकीचं धुळीनं माखलेलं तोंड पुसलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला, विचारलं नसतानाही, "माझी मुलगी," असं सांगत सुटली.

पुढच्या रविवारी हरलेल्यांपैकी दोघे जण जीप घेऊन नेवाळीला हजर झाले. वळण कसं घेता ते शिकवा, म्हणाले. परशुरामनं गोदाकडे बोट दाखवलं आणि स्वतः बाभळीखाली सतरंजी टाकून आडवा झाला. पिंपापाशी कुणाच्या तरी गाडीचं चाक करकरलं, पाठोपाठ गोदाचा आवाज आला, "अहो, आधी ब्रेक, आधी!" आणि तो डोळे मिटून हसला.