जोब टोझरचा उलटा कोट

विदरकूम गावात गवताची छपरं शाकारणारे तिघे होते. त्यांतला जोब टोझर सगळ्यांत चांगला आणि सगळ्यांत गरीब. असं का, याचं उत्तर गावाने आपापल्या परीने काढून ठेवलं होतं. कुणी म्हणे आळशी आहे, कुणी म्हणे बायकोचा बैल आहे. आळशी तो नव्हता. पण काम कितीही लांबचं असो, संध्याकाळी तो घरी परतायचा म्हणजे परतायचाच. एकदा टॅविस्टॉकच्या बाजूला एका जमीनदाराचं अख्खं कोठार शाकारायचं काम चालून आलं होतं. तीन आठवडे तिथेच मुक्काम, वर दोन वेळचं जेवण. जोबने नाही म्हटलं.

"अरे गड्या, तीन आठवड्यांत तुझी बायको काय उडून जाणार आहे?" सॅम लीमनने भर रस्त्यात विचारलं.

"उडायची नाही रे," जोब म्हणाला, "पण सकाळी मला घरी काम असतं."

ते काम काय, हे त्याने कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच ते. एकोणीस वर्षं त्याने ते एकही दिवस न चुकवता केलं.

त्याची सुरुवात एका नोव्हेंबरात झाली. जोबची बायको थर्झा गावाचे सदरे, झगे शिवायची. दुसऱ्यांच्या पोरांची झबली शिवता शिवता तिची नऊ वर्षं गेली, आणि मग एका दुपारी तिला स्वतःला मुलगा झाला. पण रंगाने निळसर, आणि रडणं मांजराच्या पिल्लाएवढं. केझाया मावशी सुईण होती. तिने आयुष्यभर पोरं पाहिलेली. तिला एका नजरेत कळलं.

"जोब, नाव काय ठेवायचं ते मागाहून ठरव," ती म्हणाली. "आधी पाद्रीबाबांना घेऊन ये. डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी पडेपर्यंत हे टिकलं तर आपलं नशीब. बघत काय बसलास? पळ!"

आमच्याकडे बाप्तिस्म्याशिवाय गेलेल्या पोराला चर्चच्या आवारात जागा नाही. त्याला उत्तरेच्या भिंतीबाहेर पुरतात, ना घंटा, ना प्रार्थना. स्वर्गात त्याला घेत नाहीत, आणि नरकात पाठवण्यासारखं बिचाऱ्याने काही केलेलं नसतं. म्हणून ते माळावरच्या पिक्सींमध्ये, त्या चिमुकल्या अदृश्य लोकांमध्ये, जातं. वीतभर उंची, अंगावर चिंधी नाही, आणि जग बुडेपर्यंत तसंच. पाद्रीबाबांना हे ऐकलं की राग यायचा. येऊ दे. त्यांनी असलं पोर कधी हातात घेतलं नव्हतं. केझाया मावशीने घेतलं होतं.

चर्च माळापलीकडे चार मैलांवर. जोबने रविवारचा कोट चढवला, कारण पाद्रीबाबांसमोर गवताने माखलेल्या कोटात कसं जायचं, आणि धावत सुटला. अर्ध्या वाटेवर चौफुल्याचा गुत्ता लागतो. दारात हाच सॅम लीमन उभा.

"काय रे जोब, भर शुक्रवारी रविवारचा कोट?"

"मुलगा झाला," जोबच्या तोंडून निघून गेलं.

"मुलगा? नऊ वर्षांनी? अरे ऐकलंत का, जोब टोझर बाप झाला! आणि पोराच्या नावाने पेला न घेता चाललास कुठे?"

नव्या पोराच्या नावाने बापाने सायडरचा, सफरचंदाच्या दारूचा, पेला रिचवायचा, ही आमच्याकडची रीत. नाकारला तर पोराला अपशकुन. आधीच दुबळं पोर, त्याच्या वाटेला अपशकुन कोण लावेल? जोबने पेला घेतला. दुसरा गुत्तेवाल्याने स्वतः भरून आणला. तो नाकारला तर गुत्तेवाल्याचा अपमान. तिसरा मात्र जोबने आपणहून मागितला. आत ऊब होती, चारजण पाठ थोपटत होते, आणि नऊ वर्षं त्याला हसणारी तोंडं आज त्याला बाप म्हणत होती. माणूस एवढ्याशा गोष्टीने फसतो.

तो चर्चपाशी पोचला तेव्हा पाद्रीबाबा घोड्यावरून लांबच्या शेतावर कुणा म्हातारीला भेटायला निघून गेले होते. "अर्धा तासही झाला नसेल," त्यांची स्वयंपाकीण म्हणाली. "जरा आधी यायचंस." जोबने निरोप ठेवला आणि माघारी फिरला.

येताना माळावर धुकं उतरलं होतं, पण जोब वाट चुकला नाही. आता, पिक्सी धुक्यात माणसाला फिरवतात हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक आहे. रोजच्या कुरणात फाटक सापडेनासं होतं, माणूस तिथल्या तिथे गोल गोल फिरत राहतो. त्यावर उपाय एकच: अंगातला कोट काढून उलटा घालायचा, भूल उतरते. हा उपाय आमच्या पुरुषांच्या फार पथ्यावर पडला आहे. गुत्त्यावरून उशिरा येणारा जो तो घराच्या फाटकाशी थांबून कोट उलटा करतो, आणि बायका "फिरवलं वाटतं आजही" म्हणत सूप वाढतात. जोबनेही फाटकाशी थांबून तेच केलं. पाद्रीबाबा सकाळी येतील, पोर तोवर टिकेल, आता केझाया मावशीचं तोंड चुकवलं की झालं, एवढाच त्याचा हिशेब होता.

दार उघडलं तेव्हा केझाया मावशी पोराला फडक्यात गुंडाळत होती. तोंडासकट.

थर्झाने पलंगावरून मान वळवली. तिने नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही, ती कोटाकडे बघत राहिली. बाहेर आलेलं अस्तर, काखेतली तिनेच घातलेली शिवण.

"त्यांनी तुला फिरवलं," ती म्हणाली. "त्यांना माझा हवा होता, म्हणून तुला फिरवलं रे."

जोबने मान डोलावली. त्या क्षणी खरं सांगितलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं, पण मेलेलं पोर समोर असताना 'मी गुत्त्यावर होतो' असं म्हणायला जी छाती लागते ती जोबकडे नव्हती. तुमच्या-माझ्याकडे आहे का, मला ठाऊक नाही.

पोराला भिंतीबाहेर पुरलं, आणि त्याच संध्याकाळपासून थर्झाने चूल स्वच्छ झाडून पुढच्या फरशीवर वाडगाभर पाणी ठेवायला सुरुवात केली. पिक्सींना आंघोळीला स्वच्छ पाणी लागतं, आणि ज्या घरी ते मिळतं तिथे ते येतात. महिनाभर सकाळी पाणी जसंच्या तसं असायचं, वर राखेची साय धरलेली. थर्झा ते बघायची आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपायची. खायची नाही, बोलायची नाही. हाताची हाडं दिसायला लागली. केझाया मावशीने जोबला बाहेर बोलावून सांगितलं, "ही पण जाणार बघ तुझी."

डिसेंबरात एका पहाटे जोब नेहमीसारखा आधी उठला. वाडग्यापाशी बसला. मग त्याने पाण्यात बोटं घातली, फरशीवर चार थेंब उडवले, आणि मूठ वळून तिची कड ओली करून रात्रीत फरशीवर बसलेल्या राखेत टेकवली. इवलंसं पाऊल उमटलं. वर करंगळीच्या टोकाने पाच बोटं काढली. हे आपण काय करतोय, असा विचार त्याच्या मनात आला, पण तेवढ्यात थर्झाची चाहूल लागली आणि तो लाकडं आणायला बाहेर पळाला.

परत आला तर थर्झा फरशीपाशी गुडघ्यांवर बसली होती. रडत होती, हसत होती. "जोब, आला होता! आपला आला होता!" त्या सकाळी तिने जवाचा अख्खा पाव साय लावून खाल्ला.

झालं. आता मागे फिरायची वाट उरली नाही. वाघावर बसलेल्याला खाली उतरता येत नाही म्हणतात, तशातली गत. ताप असो, पाऊस असो, जोब पहाटे वाडग्यापाशी हजर. थर्झाने घरात मांजर येऊ दिलं नाही, पोराला भिववेल म्हणून. उंदरांनी पिठाच्या पोत्यांत संसार थाटले तरी नाही. पोराला नाव नव्हतं, तेव्हा ती 'आपला' म्हणायची. आपला काल फार हुंदडला वाटतं, किती पाणी सांडलंय. आपला आज लवकर गेला. आणि जोब सदऱ्याच्या बाहीला हात पुसत "हो ना" म्हणायचा. खरं सांगायचं तर मधल्या काही वर्षांत त्यालाही ते काम आवडू लागलं होतं. पाच बोटं काढताना तो कधी कधी गालात हसायचा. बापपण म्हणून त्याच्या वाट्याला आलं ते एवढंच.

एकच गोष्ट थर्झाला जाळायची. उघड्या पिक्सीला कपडा द्यायचा नसतो. कपडा मिळाला की तो आनंदाने नाचत निघून जातो आणि पुन्हा त्या उंबऱ्याला शिवत नाही. ज्या बाईने शेकडो पोरांची झबली शिवली तिला स्वतःच्या पोराला एक चिंधी देता येईना. एका वर्षी गुडघाभर बर्फ पडलं तेव्हा तिने लाल फ्लॅनेलची बोटाएवढी बाही बेतली, टाके घातले, आणि मग ती चुलीत टाकून ढसाढसा रडली. "गारठत असेल रे तो," ती म्हणाली. "पण मी एवढी वाईट आहे की त्याला सोडवत नाही मला."

दरवर्षी त्या नोव्हेंबरच्या दिवशी ती जोबचा हात हातात घ्यायची. "किती फिरलास रे तू त्या धुक्यात," असं म्हणायची. त्या दिवसाची टोचणी जोबला वर्षभर पुरायची.

विसाव्या हिवाळ्यात थर्झाच्या छातीत कफ धरला. फेब्रुवारीतल्या एका दुपारी खिडकीतून पलंगावर ऊन आलं होतं आणि तिला जरा बरं वाटत होतं. ती म्हणाली, "मी गेल्यावर पाणी ठेवत जाशील ना? तू विसरभोळा आहेस."

"ठेवीन."

"आणि त्याच्यावर राग धरू नकोस. त्यांनी तुला फिरवलं, तो काय करणार? बिचारा तू. जीव तोडून पळालास, आणि..."

जोबला ते सहन झालं नाही. पलंगाच्या कडेवर डोकं टेकवून तो म्हणाला, "मला कुणी फिरवलं नाही, थर्झा. मी चौफुल्यावर बसलो होतो. गुत्त्यावर. कोट मी फाटकाशी उलटा केला."

मग तिने विचारलं, "किती पेले?"

"तीन."

"पहिला तर घ्यावाच लागतो," ती म्हणाली. "नाही तर पोराला अपशकुन." आणि तिने जोबच्या केसांवरून हात फिरवला. "एवढं मनात घेऊन राहिलास? वेडा कुठला. जाऊ दे. तो येतोय ना आपल्याकडे, मग जाऊ दे."

इथे जोबने थांबायला हवं होतं. देवाशपथ, इथेच थांबायला हवं होतं. पण कुजलेल्या छपराचं होतं तेच त्याचं झालं. एक पेंढी ओढली की अख्खी बाजू खाली येते. एकोणीस वर्षांनी त्याला मोकळं रडायला मिळालं होतं, आणि त्या भरात त्याला वाटलं की आता सगळंच धुऊन टाकावं.

"पाणीसुद्धा मीच," तो म्हणाला.

"कुठलं पाणी?"

"चुलीपुढचं. पावलं. मूठ टेकवून."

केसांवरचा हात थांबला.

"रोज?"

"रोज."

"एकदाही..." तिला धाप लागली. "मधे एखाददा तरी, जोब, तू उठायच्या आधी? एकदा तरी पाणी आपोआप सांडलेलं?"

एक 'हो' म्हटलं असतं तर भागलं असतं. इतकी वर्षं खोटं वागलेल्या माणसाला आणखी एक खोटं काय जड होतं? पण जोब खरं बोलायला बसला होता.

"नाही," तो म्हणाला.

थर्झाने हात काढून घेतला आणि पांघरुणाखाली ठेवला. "मग मी कुणासाठी थांबले?" ती म्हणाली. ओरडली नाही, स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "त्याला पुरलं तेव्हा अंगाला नुसतं फडकं होतं. एक झबलं शिवून भिंतीबाहेर नेऊन पुरलं असतं, तेही नाही केलं. तो येतो म्हणून. एकोणीस हिवाळे मी माझं पोर उघडं ठेवलं."

ऊन पलंगावरून उतरून जमिनीवर गेलं, मग खिडकीबाहेर गेलं. ती आजारी पडल्यापासून संध्याकाळी "पाणी ठेवलंस का रे?" असं रोज विचारायची. त्या संध्याकाळी तिने विचारलं नाही, आणि जोबने ठेवलं नाही.

पहाटे सवयीने त्याचे डोळे उघडले. चुलीपुढची फरशी कोरडी होती. ती कोरडी फरशी त्याला बघवेना. त्याने घागरीवरचा बर्फाचा पापुद्रा फोडला, वाडगा भरला, फरशीवर ठेवला आणि गुडघे टेकून पाण्यात हात घातला. आपण हे आता कुणासाठी करतोय, त्याला सांगता आलं नसतं.

"नको, जोब," थर्झाचा आवाज आला. ती जागीच होती. "बर्फाचं पाणी आहे ते. हात गारठतील तुझे."

तो हात तसाच पाण्यात ठेवून बसून राहिला. तिने शिव्या द्याव्यात, वाडगा फेकून मारावा, काहीही करावं, असं त्याला वाटत होतं. तिने काही केलं नाही. पुढच्या मंगळवारी ती गेली, तोवर ती त्याला एक वाईट शब्द बोलली नाही.