पिशवीला पिशवी

गिऱ्हाइकं त्यांना मास्तर म्हणत. शिलाई तर त्यांची चांगली होतीच, पण मास्तरांना खरा गर्व होता तो आपल्या घडीचा. शर्ट असो, पडदा असो नाहीतर उशीचा अभ्रा, दुकानातून बाहेर पडायचा तो कडक इस्त्री होऊन, चौकोनी घडीत, पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटात. पाकिटावर दुकानाचं छापील लेबल असे: ‘काही कमी-जास्त असल्यास परत आणावे.’ बत्तीस वर्षांत एकही कपडा परत आला नाही, हे ते कुणी न विचारताही सांगत.

त्यांची मुलगी समुद्रकाठच्या शाळेत शिक्षिका होती. दर शनिवारी ती वर्गाला घेऊन किनाऱ्यावरचा प्लास्टिकचा खच उचलायची, आणि पुढच्या शनिवारी तो पुन्हा तेवढाच असायचा. शेवटी शाळेनं ठरवलं, प्रत्येक मुलाच्या घरी एक कापडी पिशवी द्यायची. मुख्याध्यापकबाई कारखान्यातून मागवणार होत्या, पण मुलीनं मध्येच शब्द टाकला, “माझे बाबा शिवतील. त्यांच्या कामात बोट ठेवायला जागा नसते.”

आईबाबांकडे येऊन ती हसत म्हणाली, “बाबा, मी छातीठोक सांगून आलेय. मला तोंडघशी पाडू नका हं.”

“कुणाशी बोलतेयस?” मास्तर म्हणाले, आणि त्याच संध्याकाळी उरलेल्या कापडांची गाठोडी खाली काढली.

तीन आठवडे मशीन थांबलं नाही. तीनशे पिशव्या, दुहेरी शिलाई, बंदांना फुलीचे टाके. मग इस्त्री झाली, घडी झाली, आणि मास्तरांनी खण उघडून पाकिटांचा गठ्ठा काढला. शेजारी बसून धागे कापणारी बायको थबकली.

“अहो, पिशवीला पिशवी कशाला?”

“नवा कपडा उघडा देतात का कुणी? लोक काय म्हणतील?”

“तुम्ही आणि तुमची घडी!” असं म्हणून तीही लेबलं चिकटवायला बसली. आता ऐकणाऱ्याला वाटेल, एवढी साधी गोष्ट कळू नये? नाही कळली. बत्तीस वर्षं हात जे करत आलाय, ते करताना तो डोक्याला विचारायला जात नाही.

खोकी टेम्पोनं थेट किनाऱ्यावर पोचली. मास्तर ठेवणीतला शर्ट घालून पुढच्या खुर्चीत बसले. मुख्याध्यापकबाई समुद्राबद्दल बोलल्या, कासवं प्लास्टिकला खाणं समजून कशी गिळतात ते सांगितलं. मास्तरांनी जोरजोरात मान डोलावली. मग खोकी फुटली, पाकिटं हातोहात वाटली गेली, आणि पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं निरागसपणे विचारलं, “बाई, हे प्लास्टिक कुठे टाकायचं?”

कुणीतरी फिसकन हसलं. मास्तरांची कानशिलं तापली. ते उठेपर्यंत मुलांनी पाकिटं उघडून पिशव्या काढल्याही होत्या. वारा भणाणत होता. हातातून सुटलेली रिकामी पाकिटं उडाली, वाळूवरून घरंगळत गेली आणि लाटांवर जाऊन बसली. मास्तर चपलांसकट पाण्यात धावले. मांड्यांपर्यंत भिजून ते एकेक पाकीट धरू पाहत होते. हातभर अंतरावर मुलगीही वाकून तेच करत होती. तिनं एकदाही त्यांच्याकडे पाहिलं नाही.

“चालायचंच हो, मास्तर,” मुख्याध्यापकबाई म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मास्तरांना वाटलं. मुलगी तर रागावलीही नाही. परतताना फक्त म्हणाली, “चप्पल एकच राहिलीय तुमची. सांभाळून चाला, शिंपले आहेत.”

दुसऱ्या दिवसापासून दुकानात पाकिटं बंद झाली. कपडे कापडाच्या चिंधीनं बांधून मिळू लागले. गिऱ्हाइकं कुरकुरली की मास्तर मान खाली घालून कात्री चालवत. खणातला उरलेला गठ्ठा वापरवेना आणि फेकायचा तरी कुठे ते कळेना, म्हणून त्यांनी खण उघडणंच सोडलं. मुलीचा फोन आला की ते बायकोला घ्यायला लावत.

पंधरा दिवसांनी मुलगी दुकानात आली. तिनं कापायच्या टेबलावर सात पाकिटं ठेवली. वाळूनं भरलेली, पण एकही कुठे फाटलेलं नव्हतं. मास्तर नेहमी जाड, चांगल्यातलंच प्लास्टिक आणत.

“वर्गातल्या मुलींना सापडली,” ती म्हणाली. “त्यांनी लेबल वाचलं. म्हणाल्या, परत करायची आहेत.”

मास्तरांनी लेबलावरून बोट फिरवलं. शाई पुसट झाली होती, पण अक्षरं वाचता येत होती. बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच दुकानातून गेलेलं काही परत आलं होतं.

“बाकीची?”

“समुद्रात आहेत, बाबा.”

मास्तर पाकिटांतली वाळू झटकत राहिले. मग त्यांनी मान वर न करताच विचारलं, “या शनिवारी मी येऊ का तुमच्याबरोबर?”

“या ना. गोळा करायला घरून एक कापडी पिशवी तेवढी आणा.”

मास्तर घाईघाईनं उठले आणि दुकानामागच्या राहत्या खोलीत गेले. दाराच्या खुंटीला सकाळची भाजी लटकत होती, प्लास्टिकच्या पिशवीत. खाली कांदे, प्लास्टिकच्या पिशवीत. त्यांनी कपाट पाहिलं, फडताळ पाहिलं, पलंगाखाली वाकून पाहिलं. तीनशे पिशव्या शिवणाऱ्याच्या घरात एकही कापडी पिशवी नव्हती. बाहेर मुलगी वाट पाहत उभी होती, आणि मास्तरांना खोलीतून बाहेर यायचं धाडस होईना.