ऱ्हाईन नदी आणि माझा हुद्दा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. भावाला नाही, मित्रांना नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. मग तुम्हालाच का? खरं सांगायचं तर तुम्ही समोर नाही आहात म्हणून. आणि काल कपाट आवरताना माझा जुना पासपोर्ट हाती लागला म्हणूनही. येत्या मे महिन्यात आम्ही बहरीन सोडून कराडला परत जाणार, त्यामुळे घरात रोज काही ना काही वर येतंय. हेही वर आलं.

आधी माझ्या बायकोबद्दल सांगतो, शैलाबद्दल. लग्नाआधी सहा वर्षं ती कराडजवळच्या एका शाळेत भूगोल शिकवायची. दरवर्षी भिंतीवर युरोपचा नकाशा टांगायचा आणि छडीच्या टोकाने ऱ्हाईन नदी दाखवायची — आल्प्समध्ये उगम, मग वळसे घेत उत्तरेकडे, काठावर द्राक्षांचे मळे, पात्रात मालाच्या बोटी. एकदा एका मुलीने विचारलं, बाई, तुम्ही बघितली का हो ती नदी? शैलाने खरं ते सांगितलं, नाही बघितली. पण तो प्रश्न तिच्या मनात राहून गेला. इकडे आल्यावर बाब अल बहरीनच्या बाजारातल्या सोन्याच्या दुकानांसमोरून ती नाकासमोर बघत चालत जायची. बाकीच्या बायकांना बांगड्या हव्या असत, हिला नदी हवी होती.

आणि मी? माझं सांगणं जरा अवघड आहे.

मी चौऱ्याहत्तर साली इकडे आलो. बी.कॉम. झालेलो, एजंटने ‘ऑफिस जॉब’ सांगितलेला. ऑफिस होतंच की! मी तिथे चहा करायचो, फायली या टेबलावरून त्या टेबलावर न्यायचो आणि साहेबांच्या खोलीतली धूळ पुसायचो. इकडे अशा माणसाला फर्राश म्हणतात. दोन वर्षं मी फर्राश होतो. त्यात लाजण्यासारखं काय होतं? आज विचाराल तर काहीच नाही. चहा मी फक्कड करायचो, साहेब पाहुण्यांना सांगायचे. पण घरी पत्रात मी ‘ऑफिसात आहे, ठीक आहे’ एवढंच लिहीत असे. पुढे कंपनीच्या तुबलीच्या वर्कशॉपमध्ये सुट्या भागांच्या स्टोअरला माणूस हवा होता, तिथे मला घेतलं. लग्न ठरलं तेव्हा मी स्टोअरकीपर होतो. म्हणजे मुलीकडच्यांना मी खोटं सांगितलं नाही — फक्त पहिली दोन वर्षं वगळली.

पण सरकारी शिक्क्याला वगळणं ठाऊक नसतं. पासपोर्टातल्या रेसिडेन्सच्या, म्हणजे इथे राहायच्या परवान्याच्या, शिक्क्यावर माझा हुद्दा फर्राशच राहिला, अरबी अक्षरांत. कंपनीची सरकारी कामं करणारा अबू खलील नावाचा माणूस होता, जीव लावणारा. त्याला एकदा मी शिक्का बदलायचं विचारलं. तो हसून म्हणाला, “फर्राश, मुदीर, सब अल्ला का बंदा! बाद में चेंज, इंशाल्ला.” मुदीर म्हणजे मॅनेजर. मीही हसलो आणि पुन्हा विचारलं नाही. गरजच काय होती? पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत असायचे, सगळ्यांचेच. शैला इकडे आली तीही अबू खलीलच्या ओळखीवर, त्या काळी तसं चालायचं. तिने माझा पासपोर्ट कधी उघडून पाहिला नाही, आणि पाहिला असता तरी तिला अरबी कुठे येत होतं? झाकली मूठ सव्वा लाखाची.

एक्याऐंशीत आम्ही युरोपला जायचं ठरवलं. दहा दिवस, ऱ्हाईनच्या काठाने. ज्या देशाच्या वकिलातीत अर्ज द्यायचा होता त्याचं नाव मी घेत नाही, कारण त्या लोकांची यात काही चूक नव्हती. शैलाने शाळा-तपासणीच्या दिवशी नेसायची ती साडी नेसून बाब अल बहरीनजवळच्या स्टुडिओत फोटो काढला. मग जेवणाच्या टेबलावर फॉर्म पसरून बसली, आधी पेन्सिलने, मग पेनाने. मुलगी मनीषा तेव्हा वर्षाची, ती टेबलाखाली खेळत होती. ‘ऑक्युपेशन’पाशी पेन्सिल थांबली. “अहो, इथे काय लिहू? टीचर लिहिलं तर चालेल? होते ना मी.”

मी पेपरातून डोकं वर न काढता म्हणालो, “होतीस. आता हाउसवाइफ लिही.”

हे लक्षात ठेवा. ते शब्द माझे होते.

अर्ज द्यायला मी एकटाच गेलो, अर्ध्या दिवसाची रजा टाकून. काउंटरवर इथलाच एक वयस्कर क्लार्क होता, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्याने माझा पासपोर्ट उघडला, शिक्क्यावर बोट ठेवलं आणि वाचलं, “फर्राश?” हळूच म्हणाला तो, पण मला वाटलं भोंग्यावरून पुकारलं. कंपनीच्या पत्रात तर स्टोअरकीपर आहे, हे कसं? — एवढंच त्याचं म्हणणं. खुलासा म्हणून कंपनीचं आणखी एक पत्र आणा, आणि शनिवारी बायकोला घेऊन या, साहेब दोघांशी बोलतील. वर म्हणाला, “मफी मुश्किल.” काही अडचण नाही. खरंच नव्हती हो! एका पत्राचं काम होतं.

मी कागद गोळा केले, उद्या आणतो म्हणालो आणि बाहेर पडलो.

परत गेलो नाही.

का? तेच तर सांगायला बसलोय. मला ती खोली दिसत होती. साहेब समोर, शैला माझ्या शेजारी त्या तपासणीच्या साडीत, आणि साहेब विचारतोय, तुम्ही फर्राश आहात ना? मग ती माझ्याकडे वळून विचारणार, फर्राश म्हणजे काय हो? परक्या माणसासमोर मी तिला काय सांगू? की तुझ्या वडिलांनी ज्याला स्टोअरकीपर म्हणून पोरगी दिली, तो आधी कपबशा विसळत होता? माझी पाचावर धारण बसली. ते पाकीट मी तीन दिवस स्टोअरच्या ड्रॉवरमध्ये गॅस्केटांच्या खोक्याखाली ठेवलं. चौथ्या दिवशी फॉर्म फाडले. तिचा फोटो मात्र फाडवेना.

घरी जाऊन सांगितलं, व्हिसा नाकारला. कारण? ते कारण देत नाहीत.

एवढंच असतं तर कदाचित मी हे लिहिलंही नसतं. भित्रा माणूस खोटं बोलतो, आणि असे भित्रे गल्लोगल्ली सापडतील. पण त्यापुढे जे झालं — ते मला गेली आठ वर्षं गिळताही येत नाही आणि थुंकताही येत नाही.

शैला भांडी घासत होती. तिने नळ बंद केला, हात पुसले. मग म्हणाली, “माझ्यामुळेच झालं असेल. हाउसवाइफ लिहिलं ना मी. त्यांना वाटलं असेल, ही बाई तिकडेच राहील, कुठेतरी कामाला लागेल. नोकरी असती तर दिला असता. असेल ना हो असं?”

ती माझ्याकडे बघत होती. एक ‘नाही’ म्हणायला किती श्वास लागतो?

मी म्हणालो, “असेल.”

हाच माझा गुन्हा. अर्ज न देणं नव्हे, शिक्का लपवणं नव्हे. माझी लाज मी तिच्या अंगावर टाकली आणि वर मान डोलावली. तिने ती घेतलीसुद्धा. नकाशांचं पुस्तक ट्रंकेत पांघरुणांखाली ठेवून दिलं. कुणी सुट्टीचा विषय काढला की हसत सांगायची, “माझ्यामुळे यांचाही व्हिसा गेला बघा.” चार लोकांत सांगायची. आणि मी? मी पाहुण्यांना चहा करायला आत जायचो.

पण ही बाई वेगळ्याच मातीची. दोन महिन्यांत तिने त्याच जेवणाच्या टेबलावर शिकवण्या सुरू केल्या. आसपासची मुलं यायची, मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देणारी. वर्षभराने इथल्या एका भारतीय शाळेत भूगोलाची जागा निघाली, ती तिला मिळाली. पहिल्या दिवशी बसची वाट बघत उभी असताना ती मला म्हणाली, “आता देतात की नाही बघू!” कोण देतंय, काय देतंय हे सांगायची गरज नव्हती. ती त्या न दिलेल्या अर्जासाठी नोकरी करत होती. म्हणजे माझ्या खोट्यातून भलंच झालं, असं म्हणाल? मीही स्वतःला तसं पुष्कळदा सांगून पाहिलं. पण झाड तिने लावलं, पाणी तिने घातलं. मी फक्त खड्डा खणला होता, आणि तोही तिला पाडायला.

चौऱ्याऐंशीत कंपनीचं नाव बदललं, तेव्हा सगळ्यांचे रेसिडेन्स नव्याने झाले. अबू खलीलने विचारलं, हुद्दा काय टाकू? मी म्हणालो, स्टोअरकीपर. “खलास,” म्हणाला. आठवड्याचं काम होतं. मुदत संपल्यामुळे पासपोर्टही नवा आला, जुना कोपरा कापून हातात पडला. त्या दिवशी मी गाडीत बसून चक्क रडलो.

सत्त्याऐंशीत शैलाने स्वतःच फॉर्म आणले. पुन्हा तेच टेबल. ‘ऑक्युपेशन’पुढे तिने टीचर असं इतकं दाबून लिहिलं की खालच्या कागदावर उठलं. आणि मग एका रकान्यापाशी आली — यापूर्वी कधी व्हिसा नाकारला गेला आहे का? माझ्या डोळ्यांदेखत तिने लिहिलं, हो, १९८१. मी घाईघाईने म्हणालो, नाही लिही गं, कुणाला कळतंय? तिने चष्म्यावरून बघितलं. “अहो, मी वर्गात कॉपी करणाऱ्या पोरांना बाहेर काढते, आणि इथे खोटं लिहू?”

तेव्हा सांगता आलं असतं, नाही का? सहा वर्षांनी का होईना. नाही सांगितलं.

दोघं मिळून वकिलातीत गेलो. तोच क्लार्क, आता केस पूर्ण पांढरे. त्याने मला ओळखलं नाही. तिचा फॉर्म वाचला, आत गेला, कार्डांचा खण ओढल्याचा आवाज आला, आणि परत येऊन इंग्रजीत म्हणाला, मॅडम, तुम्हाला आम्ही कधी नाकारलेलं नाही. तुमच्या नावाचा अर्जच इथे आलेला नाही. तुमच्या मिस्टरांचाही नाही.

शैला म्हणाली, “एटी-वन. नीट बघा.” तो म्हणाला, दोनदा बघितलं.

मग ती माझ्याकडे वळली. मी समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात बघत होतो. किती वाजले होते ते आजही सांगेन — दहा वाजून वीस मिनिटं. ती किती वेळ बघत होती, ते मात्र सांगता येणार नाही. मग पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज झाला. तिने ती ओळ खोडली, नाही असं लिहिलं, शेजारी सही केली आणि क्लार्कला म्हणाली, “सॉरी. माय मिस्टेक.”

दुसऱ्यांदा.

बाहेर आल्यावर मला वाटलं, आता विचारेल. तिने विचारलं ते असं, “मनीषाला बूट घ्यायला हवेत ना? तिकडे चालणं खूप होणार.” आम्ही बाब अल बहरीनला जाऊन बूट घेतले. दहा दिवसांनी व्हिसा मिळाला.

नदी आम्ही पाहिली. सकाळची वेळ, थंडी. मनीषा म्हणाली, “आई, इट्स जस्ट अ रिव्हर.” शैलाने चप्पल काढून पाय पाण्यात घातले, थंडीने ओरडली, आणि छडी नव्हती म्हणून छत्रीच्या टोकाने मला सगळं दाखवलं — उगम कुठे, वळण कुठे, बोटी कुठून कुठे जातात. मग म्हणाली, “पावसाळ्यात आपली कृष्णा हिच्याहून मोठी दिसते.” इतकी आनंदात मी तिला कधी पाहिली नव्हती. मी मान डोलावत होतो, आणि मला त्या आनंदाकडे बघवत नव्हतं.

तेव्हापासून दोन वर्षं झाली, तिने एक शब्द विचारलेला नाही. तिला किती कळलं? अर्ज दिला नव्हता हे कळलं असणार. का दिला नव्हता, ते तिला कुठून कळणार? कदाचित तिला वाटत असेल की मला तिच्याबरोबर जायचंच नव्हतं. हे मला काल कपाटापुढे बसल्यावर पहिल्यांदा सुचलं, आणि मी जमिनीवरच बसून राहिलो.

आज माझी सुट्टी आहे. तिची बस दोन वाजता येते. तिच्या तपासायच्या वह्या टेबलावर आहेत, त्यांच्यावर मी जुना पासपोर्ट त्या पानावर उघडून ठेवला आहे, आणि शेजारी तपासणीच्या साडीतला तो फोटो. तिला अरबी येत नाही, म्हणून शिक्क्याखाली मराठीत लिहिलंय — फर्राश. चहा करायचो, दोन वर्षं. याची लाज वाटली म्हणून अर्ज दिला नाही. तू जे लिहिलं होतंस त्याने काही बिघडलं नव्हतं. ‘असेल’ म्हणालो, ते खोटं होतं.

दोनला पाच कमी आहेत. आज मी घड्याळाकडे पाठ करून, दाराकडे तोंड करून बसलो आहे.