अल्पशा आजाराने

थोरल्या जाऊबाई, आक्का, गेल्या त्याला महिना झाला. लवळ्याच्या चौकात फ्लेक्स लागला, त्यावर ‘अल्पशा आजाराने निधन’. चौदा महिन्यांचा आजार अल्पसा कसा, असं मी दिरांना विचारलं. म्हणाले, "मंग काय, चारचौघांत त्या जागंचं नाव लिवायचं?" त्याच जागेतून दिरांचे तीन मुलगे आले, तेव्हा मात्र गावभर पेढे वाटले होते.

पाळी जाऊन सहा वर्षं झालेली आणि आक्कांच्या अंगावरून पाण्यासारखं जायचं. मी म्हटलं, दाखवून घ्या. दीर म्हणाले, "गावातल्या आरोग्य कॅम्पात तपासलंय की. रिपोर्ट चांगला हाय. तू लई डाक्टरीण होऊ नको." मी ऐकून घेतलं... त्याबद्दल स्वतःविषयीही मला फारसा आदर उरलेला नाही.

पुढे रक्त दिसलं, तेव्हा पुण्याला नेलं. डॉक्टरीणबाईंनी कागदावर गर्भाशयाचं तोंड काढून दाखवलं. तोंडाच्या आत अरुंद वाट असते, तिच्या अस्तरात चिकट स्राव करणाऱ्या ग्रंथी असतात. आक्कांचा कॅन्सर तिथला. आत दडलेला असल्यामुळे कॅम्पातल्या तपासणीत तो कधी कधी सापडत नाही. रिपोर्ट चांगला असला तरी त्रास होत असेल, तर पुन्हा तपासायलाच हवं.

दिरांनी यातला ‘ग्रंथी’ एवढाच शब्द उचलला आणि भावकीत थायरॉईड सांगितलं. मग भेटायला येणारा प्रत्येक शहाणा कोबी खाऊ नका म्हणून बजावून जाई. आक्का मला म्हणाल्या, "माजा गळा इतका खाली कवा घसारला, इचार की त्यांना." त्या हसल्या, पण खरं कुणाला सांगितलं नाही. सुनेलासुद्धा नाही.

तेराव्याला भांडी घासताना सून रूपाली हळूच म्हणाली, "काकू, मलाबी दोन महिनं झालं, पाणी जातंय. पर आत्यांचं तर थायरॉईड व्हतं, न्हवं?"

दुसऱ्याच दिवशी मी तिला पुण्याला घेऊन गेले. तिला सगळं सांगितलं, चित्र काढून. आतला तुकडा तपासायला दिलाय, रिपोर्ट यायचाय.

परतलो तेव्हा दीर जेवायला बसून राहिलेले. आक्कांच्या पोळपाटाशी रूपाली बसली. "सकाळधरनं कुटं गेल्ता?" दिरांनी विचारलं. चपाती लाटता लाटता ती म्हणाली, "गर्भाशयाचं तोंड तपासाया. आत्यांना तितंच कॅन्सर व्हता."

दिरांनी मान खाली घातली आणि आणखी एक चपाती मागितली.