बाळ्याला बाहेर बोलावणारी बाई

मी भांडुपच्या एका शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवलं. अंगात येणं, भानामती, करणी… असलं काही ऐकलं की मला हसू यायचं. अजूनही येतं. त्यामुळे हे लिहावं की नाही यातच बराच काळ गेला. लिहितेय ते एवढ्यासाठीच, की त्या एका संध्याकाळचं उत्तर माझ्यापाशी नाही.

गोष्ट १९८५-८६ ची. आम्ही मुलुंड पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर राहायचो. जुनी बिल्डिंग, सगळ्यांच्या दारांपुढून जाणारी एक लांब गॅलरी. घरात गिरणी सुटल्यावर घरीच बसलेले आप्पा, आई आणि मी. धाकटा भाऊ अनंत, म्हणजे आमचा बाळ्या, अमेरिकेत होता. तिथल्या एका फार नावाजलेल्या युनिव्हर्सिटीत केमिस्ट्रीत पीएच.डी. करत होता. चाळीतून तिथवर पोचलेला आमच्या नात्यागोत्यातला तो पहिलाच, त्यामुळे सगळ्या बिल्डिंगला त्याचं कौतुक.

डिसेंबरातला गुरुवार होता. दुपारपासून मला कसंतरीच होत होतं. वर्गात लक्ष लागेना, घरी आले तरी पाय एका जागी ठरेनात. आई आप्पांना घेऊन डॉक्टरकडे गेली होती. दिवेलागणीला मी कणीक मळायला घेतली, आणि थोड्या वेळाने शेजारच्या सावंतकाकू दारात आल्या. चेहरा घाबरलेला.

"सुमन गो, कोणाक आराडतंस एवढ्या मोठ्यान?"

"मी? मी कुठे ओरडले?"

"गॅलरीत उभी रवान! 'बाळ्या, भायर ये, भायर ये' म्हणान. तो हय खय आसा?"

मी हसले. म्हटलं, काकू, मी मघापासून इथेच आहे, ही बघा कणीक. माझा हात धरून त्यांनी मला गॅलरीत नेलं. कठड्यावर कणकेचे ठसे होते. चार बोटं आणि अंगठा, दोन्ही हातांचे… अजून ओले. मी पदराने पटापट पुसून टाकले. का पुसले कोण जाणे. आईला काही सांगितलं नाही. पण त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशीही जेवण गेलं नाही.

शनिवारी खालच्या पाटकरांकडे फोन आला. अख्ख्या बिल्डिंगमध्ये फोन त्यांच्याकडेच. मी धावत गेले, आप्पा मागून हळूहळू उतरले.

"ताई, मी बरा आहे. आधी ते आईला सांग," बाळ्या म्हणाला. "गुरुवारी तिन्हीसांजेला तू कुठे होतीस?"

"घरीच, कणीक मळत होते," मी म्हटलं. मग त्याने सगळं सांगितलं.

आपल्याकडे तिन्हीसांज तेव्हा तिकडे सकाळ. बाळ्या आणि त्याच्याबरोबरचा पीटर लॅबमध्ये काम करत होते. अचानक बाहेरच्या कॉरिडॉरमधून माझी हाक आली. 'बाळ्या, बाहेर ये!' स्वच्छ मराठीत. विचार न करता तो धावत बाहेर गेला, आणि मागे स्फोट झाला. पीटरचा चेहरा भाजला, डोळ्यांना पट्ट्या होत्या, तो अजून बोलण्याच्या स्थितीत नव्हता.

"आणि आता कमिटी बसलीय, ताई. सगळे मोठे मोठे प्रोफेसर, डीन, युनिव्हर्सिटीचा वकील. एकच विचारतात, बरोबर त्याच क्षणी तू बाहेर का गेलास? तुला आधी माहीत होतं का? पीटरला का नाही सांगितलंस? इथे कोणी आवाज चढवत नाही गं, गोड बोलून दार बंद करतात. माझा गाईड म्हणतो, पाणी प्यायला गेलो होतो असं सांग."

"मग तसंच सांग ना!" मी ओरडले. "हाकेचं सांगितलंस तर वेडा ठरवून घरी पाठवतील तुला. वाट लागेल सगळ्याची!"

आप्पा शेजारी उभे होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तेका सांग, खोटा बोलू नको. झाला ता सांग."

मी ते शब्द तसेच्या तसे फोनमध्ये म्हटले. पलीकडे बाळ्या नुसता रडत होता.

सोमवारी त्याने कमिटीला खरं ते सांगितलं. बहिणीने मुंबईहून हाक मारली. खोलीत कोणी हसलं नाही, उलट सगळे एकदम फार सभ्य झाले, असं तो सांगतो. अध्यक्षांनी कागद नीट लावले आणि म्हणाले, आम्ही कळवू. बाळ्याने त्या संध्याकाळी बॅग भरायला घेतली.

इकडे आमचे दिवस कसे गेले विचारू नका. पाटकरांची घंटा वाजली की मी हातातलं टाकून जिन्याकडे धावायची.

मग पीटर बोलू लागला. कमिटीची माणसं हॉस्पिटलात त्याच्याकडे गेली, आणि बाळ्याबद्दल काही विचारण्याआधी त्यानेच विचारलं, ती बाई कोण होती? कॉरिडॉरमध्ये ओरडत होती ती? शब्द त्याला कळले नव्हते, पण एक लक्षात राहिला होता. 'बालिया'.

बाळ्याचं घरचं नाव तिथे कुणालाही माहीत नव्हतं.

त्या इमारतीत सकाळी कोणी बाई आलीच नव्हती, हे दारावरच्या माणसाने सांगितलं. शेवटी कमिटीने ठरवलं की स्फोट गॅसच्या जुन्या नळीमुळे झाला, आणि कोणा अनोळखी बाईने अनंतला बाहेर बोलावलं, त्यात त्याचा दोष नाही. पीटरचे डोळे वाचले, एका डोळ्याने कमी दिसतं एवढंच. बाळ्याला डिग्री मिळाली. आज तो तिकडेच प्रोफेसर आहे, आणि असल्या कमिट्यांवर आता त्यालाच बसावं लागतं.

पुढे तो पहिल्यांदा घरी आला तेव्हा एकदा आम्ही दोघंच होतो. मी विचारलं, "आवाज माझाच होता? नक्की?"

"तुझाच." मग म्हणाला, "एक गोष्ट मी कमिटीला नाही सांगितली, ताई. मी बाहेर आलो तरी तू थांबली नाहीस. हाक पुढे पुढे जात राहिली, कॉरिडॉरच्या टोकापर्यंत. दारातच थांबलो असतो तर मीही सापडलो असतो. जिन्याशी पोचलो आणि मागे धडाका झाला… आणि त्या आवाजातही मला खाली उतरणाऱ्या चपला ऐकू आल्या."

मुलुंडच्या गॅलरीत कोणीतरी उभं होतं हे मी मान्य करते, ती मी असेनही. पण तिकडचा जिना उतरून गेली ती कुठे गेली, हे मात्र मी बाळ्याला कधी विचारलं नाही.